गिरणीतला कारागीर गेटवर उभा राहतो तेव्हा

उपवर मुलामुलींच्या परिचय मेळाव्याचे अर्ज भरताना एका रकान्यापाशी पेन हमखास थांबते. शिक्षण, उंची, मामेकुळ हे सगळे भराभर लिहिले जाते. 'वडिलांचा व्यवसाय' आला की घरात एकमेकांच्या तोंडाकडे पाहणे सुरू होते. अकोला, अमरावती, अचलपूर, बडनेरा या भागातले असे अर्ज आम्ही पाहिले आहेत. त्यांत पंचेचाळिशीतले 'सेवानिवृत्त' वडील भेटतात. 'खाजगी सेवा' तर कितीतरी. एका अर्जात 'सुरक्षा अधिकारी' असे होते. चौकशी केली तर गृहस्थ एका गोदामाच्या फाटकावर रात्रपाळीला बसत होते.

आम्हाला हसू आले नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षे साच्यावर सूत काढले, तुटलेला धागा चालत्या यंत्रावर डोळ्याचे पाते लवायच्या आत जोडला, त्याची मुलगी बापाच्या आजच्या कामाचे नाव लिहायला कचरते. समाजाच्या पत्राने या लाजेकडे पाठ फिरवून चालणार नाही. दुसऱ्या समाजातही नोकरी गेलेला माणूस खालच्या कामाला लागतो आणि त्यालाही वाईट वाटते. पण आपल्या घरात त्या वाईट वाटण्याला आणखी एक पदर आहे. आपल्या पणजोबांनी जी कामे मोठ्या हिमतीने टाकली, त्यांच्याच वाटेला पुन्हा लागलो की काय, ही ती भीती. म्हणून हा विषय नुसता बेकारीचा नाही.

वऱ्हाड म्हणजे कापूस. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस गाठींनी बाहेर जाऊ लागला. त्याआधी आणि नंतरही काही काळ आपल्यातले अनेक लोक हातमागावर जाडेभरडे कापड विणत असत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या महारांच्या या विणकामाची नोंद आहे. गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले, घरचा माग बसला, आणि विणकराचा मुलगा गिरणीत मजूर म्हणून शिरला. म्हणजे हातचा धंदा जाऊन दुसऱ्याच्या हाताखाली उभे राहण्याची ही आपली पहिली वेळ नव्हे. त्या पिढीला गिरणी ही पडझड वाटली असेल. पुढच्या पिढीला तीच गिरणी प्रतिष्ठेची वाटली. भोंगा वाजला की डबा घेऊन निघणारा बाप, ठरल्या तारखेचा पगार, प्रॉव्हिडंट फंड, दिवाळीचा बोनस. खेड्यातल्या पाटलाच्या वाड्यापुढे उभे राहावे लागत नव्हते, हे तर सर्वांत मोठे.

गिरणीतही उच्चनीच होतेच. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते आणि पगार तेथेच जास्त होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. लाल बावट्याखालच्या कामगारांनाही तो चालत नव्हता! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आपल्या माणसाला 'खालचे काम' मिळते ते हुन्नर कमी म्हणून, की नाव ऐकून, हे विचारायला बाबासाहेबांनी तेव्हाच शिकवले. हा प्रश्न पुढे पुन्हा लागणार आहे.

१९७४ साली आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल, तिथलीच मोहता मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल या त्या यादीत होत्या. सरकारी झाली म्हणजे आता काळजी मिटली, असे लोकांना वाटले. मिटली नाही. जुनी यंत्रे, साचलेले कर्ज, यंत्रमागाची स्पर्धा आणि वरिष्ठांची बेफिकिरी यांत या गिरण्या एकेक करून थंडावल्या. सहकारी सूतगिरण्यांपैकीही अनेकींची तीच गत झाली. अचलपूरला मुंबईची फिनले मिल आणून बसवली तेव्हा त्या गावाला पुन्हा धुगधुगी आली होती; मार्च २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या थांबल्या त्यात तीही थांबली. कापूस मात्र पिकतच राहिला. गावाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि गावात सूत काढणारा कारागीर घरी, हे चित्र वऱ्हाडाने पाहिले.

गिरणी सुटल्यावर हे लोक गेले कोठे? काही ऑटो चालवू लागले. काही जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगामापुरते लागले, काही अकोल्याच्या डाळ मिलमध्ये पोती उचलायला. ज्यांच्याजवळ थोडी जमीन होती ते गावी परतले, पण तसे थोडेच. सर्वांत जास्त लोक गेटवर गेले. दवाखाने, अपार्टमेंट, कोचिंग क्लास, एटीएम, मंगल कार्यालये, जिकडे पाहावे तिकडे निळा किंवा खाकी गणवेश आणि पाठीवर एजन्सीचे नाव.

एका रात्रपाळीची हकिगत

अकोल्यात अशा एका बांधवाशी आम्ही बोललो. नाव देत नाही, कारण नोकरी अजून टिकवायची आहे. एका सूतगिरणीत ते रिंग खात्यात होते. आता एका खाजगी दवाखान्याच्या फाटकावर बारा तासांची रात्रपाळी. बोलताना त्यांची नजर सारखी फाटकाकडे जात होती.

"साच्यावर होतो तवा नुसता कान लावला का समजे, कोन्ता साचा बिघडून रायला," ते म्हणाले. "आता काय? गाड्यांचे नंबर लिहितो. चार बुकं शिकलो त्याचा येवढा उपेग झाला."

वॉचमन म्हणवून घ्यायला वाईट वाटते का, असे आम्ही विचारले.

"वॉचमन म्हनलं त् काय राग यायचा? काम थेच हाये. 'ए वॉचमन' म्हनलं का झोंबते. पोरासोरानं म्हनलं का जास्तच झोंबते."

मग त्यांनी जे सांगितले त्यासाठीच ही हकिगत लिहीत आहोत. एक दिवस सफाई कामगार आला नाही. व्यवस्थापकाने यांना बोलावले आणि आजच्या दिवस संडास धुऊन घ्या म्हणून सांगितले. हे म्हणाले, मी गेटच्या ड्युटीवर लागलो आहे. त्यावर उत्तर आले, "तुमच्यातलेच तर करतात." तेथे दुसरेही दोन गार्ड होते. त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांची आडनावे वेगळी होती.

"म्या म्हनलं, साहेब, तुमच्या घरी कोनी बिमार पडलं आन् करनारं कोनी नसलं, त् मी येऊन धुवून देईन. हात थोडीच झडून रायले? पन आडनाव पाहून हुकूम सोडान त् मी नाई करत."

दुसऱ्या आठवड्यात एजन्सीने त्यांची जागा बदलली. नव्या जागेवर जायला सायकलने तासभर लागत असे. काही महिन्यांनी ते दुसऱ्या एजन्सीतून या दवाखान्यात आले. पत्नीने तेव्हा काय म्हटले, हेही आम्ही विचारले. बाई जवळच होत्या. त्या म्हणाल्या, "मी म्हनलं, बरं केलं. पन घरी तेल नोतं त्या दिवशी, थेही खरं."

थकवा, अपुरा पगार, झोपेचा नाश, हे सगळे या नोकरीत आहेच. ते सोसता येते, सोसावे लागते. पण फाटकावरचा माणूस हळूच झाडूकडे ढकलला जातो आणि त्या ढकलण्यामागे त्याचे आडनाव असते, तेव्हा ती साधी खालची नोकरी राहत नाही. ते जुने गावकीचे काम नव्या गणवेशात परत आलेले असते. ही दोन वेगळी ओळखता आली पाहिजेत. घरातल्यांनाही, विशेषतः मुलांना.

सुभेदार आणि त्यांचा मुलगा

बाबासाहेबांच्या घराण्याचे उदाहरण आपण नेहमी यशाच्या बाजूने सांगतो. नोकरी गेलेल्या घराने ते दुसऱ्या बाजूने वाचावे.

रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, सुभेदार होते. त्यांची नोकरी संपली त्याच सुमारास, १८९२-९३ मध्ये, सरकारने महारांची लष्करभरतीच थांबवली. ज्या एका दरवाजातून आपला माणूस शिक्षण, पगार आणि मान घेऊन बाहेर येत होता तो बंद झाला. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. फळ आले नाही. पलटणीवर घर चालवणाऱ्या किती कुटुंबांचा संसार त्या एका हुकमाने विस्कटला असेल! रामजींनी काय केले? पेन्शनवर घर चालेना म्हणून साताऱ्याला बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची जागा धरली. पुढे गोरेगाव येथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तेथे ते खजिनदार होते. सुभेदार आणि मुख्याध्यापक राहिलेला माणूस फावडी-घमेली मोजतो आणि मजुरांच्या पगाराची रोकड सांभाळतो. या माणसाने आपल्या मुलांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवणे मात्र सोडले नाही. लहानगा भीमराव याच नोकरीच्या गावी वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर गाडीवानांनी त्याला नाकारले, तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रवासाच्या टोकाला बापाची ही उतरती नोकरी होती, हे आपण सहसा सांगत नाही.

आता १९१७ घ्या. कोलंबियाचे एम.ए. झालेले बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले, कारण शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची होती. महाराजांच्या लष्करी सचिवाच्या कचेरीत जागा मिळाली. राहायला घर कोणी देईना. पारशी म्हणून नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात आले. सामान उचलून कामाठी बागेत झाडाखाली बसावे लागले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागली. नोकरी गेली. निवडलेले काम गेले. करार तेवढा मानेवर राहिला.

मुंबईला परळच्या चाळीत रमाई, भाऊ, वहिनी, मुले असे मोठे कुटुंब. तेव्हा बाबासाहेबांनी काय काय केले पाहा. दोन विद्यार्थ्यांच्या घरच्या शिकवण्या धरल्या. शेअर्स आणि रोखे यांबाबत सल्ला देण्याची छोटी पेढी काढली. काम येऊ लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक बंद झाले. एका पारशी गृहस्थाचे हिशेब लिहिण्याचे कामही त्यांनी केले. ज्यांच्या जातभाईंनी काठ्या उगारल्या होत्या त्याच समाजातल्या एकाच्या वह्या! पोटाने हा विचार करू दिला नसेल, किंवा त्यांनीच तो मनात आणला नसेल.

आणि याच वर्षा-सव्वा वर्षात भारतातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा अभ्यासपूर्ण निबंध तयार झाला. तो १९१८ मध्ये अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. बर्ट्रांड रसेलच्या ग्रंथावरचे परीक्षणही त्याच वर्षीचे. दिवसा शिकवणी आणि हिशेब, आणि उरल्या वेळात अर्थशास्त्र. आपल्या मूळ विद्येशी त्यांनी रोजचा संबंध तोडला नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांची कुरकुर झालीच. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती जागाही सोडली आणि लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायला निघाले.

आम्ही हे 'तुम्हीही असेच व्हा' म्हणून लिहीत नाही. गिरणी कामगाराला सिडनहॅम कॉलेज बोलावणार नाही. शिकवण्या आणि हिशेब लिहिण्याच्या काळात बाबासाहेब लहान झाले होते असे आपल्यापैकी कोणी म्हणते का, एवढेच विचारायचे आहे. मग तोच न्याय आपल्या बापाला का लागू नये?

काम हलके, की हलके करून दिलेले?

'कोणतेही काम हलके नसते' असे एक गुळगुळीत वाक्य आहे. बहुधा हलके काम न करणाराच ते म्हणतो. आम्हाला ते मान्य नाही. सफाईचे काम म्हणजे मोठे पवित्र काम, असे गौरवाने सांगणाऱ्या गांधीजींच्या विचाराचा बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात कडक समाचार घेतला होता. पिढीजात एकाच समाजावर लादलेल्या कामाला पवित्र म्हटले की ते त्यांच्याच गळ्यात कायमचे राहते. मैला वाहून नेण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करावे लागले, यातच ते 'पवित्र' काम कोणाच्या वाट्याला होते हे दिसते.

याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. त्यांचा खराटा आणि सफाई कामगाराचा खराटा यांत वस्तू म्हणून फरक नाही. पण गाडगेबाबांनी तो स्वतः उचलला होता आणि पाहिजे तेव्हा खाली ठेवण्याची त्यांना मोकळीक होती. आपल्या आजोबांच्या हातात तो दुसऱ्याने दिला होता. म्हणून गाडगेबाबांचे नाव घेऊन कोणी आपल्या मुलांना झाडूचे मोठेपण शिकवू लागले तर ऐकून घ्यावे आणि मुलांना शाळेत पाठवावे. गाडगेबाबाही तेच सांगत.

तथागतांच्या आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत हे अंगुत्तर निकायात सांगितले आहे: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पाचच. या यादीत वॉचमन नाही, हमाल नाही, ऑटोवाला नाही, दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई नाही. यादी करताना तथागतांनी कामाची प्रतिष्ठा पाहिली नाही, त्या कामाने कोणाचे वाईट होते का, एवढेच पाहिले. या कसोटीवर आपल्या वस्त्या तपासून पाहाव्यात. वरलीच्या चिठ्ठ्या लिहिणारा पांढऱ्या कपड्यात फिरतो, त्याला सगळे 'भाऊ' म्हणतात, वर्गणीच्या यादीत त्याचे नाव वर असते. दारूचा ठेका चालवणाऱ्याला तर व्यासपीठावर खुर्ची मिळते. रात्रभर दवाखाना राखणाऱ्याची मुलगी मात्र बापाचा व्यवसाय लपवते.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये राजगृहाच्या सुनीताची कथा आहे. तो रस्ते झाडत असे. भगवंतांनी त्याला नीच म्हटले नाही, आणि तुझे झाडणे थोर आहे, तेच करीत राहा असेही म्हटले नाही. त्याला त्या कामातून बाहेर काढून संघात घेतले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या असतात: काम करणाऱ्याचा मान राखायचा आणि त्याची वाटही मोकळी करायची.

आता सुशिक्षितांचे. त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण पदवी असलेल्याचे दुःख डोळ्यांना दिसत नाही. तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवणारा तरुण, नेट-सेट झालेला, सत्र संपले की घरी. पुढच्या वर्षी त्याच्या तासिका दुसऱ्याला. मग तो मोबाइलच्या दुकानात किंवा कुरिअरच्या गाडीवर दिसतो आणि विद्यार्थी समोर आले की हेल्मेटची काच खाली ओढतो. २०१९ च्या जानेवारीत मंत्रालयाच्या उपाहारगृहातील वाढप्यांच्या १३ जागांची बातमी आली होती. पात्रता चौथी पास, अर्ज सुमारे ७००० आणि निवडलेल्यांत बहुतेक पदवीधर. त्या पोरांना अनेकांनी नावे ठेवली. आम्ही ठेवणार नाही. सरकारी नोकरीचा पगार आणि पेन्शन यांवर आपली एक अख्खी पिढी उभी राहिली आहे. तो दरवाजा अरुंद होत गेला तर माणूस फटीतूनही आत शिरू पाहणारच. आमचे म्हणणे एवढेच की कुरिअर वाटणाऱ्या प्राध्यापकाने आपला विषय सोडू नये. विहारात रविवारी दहावीच्या मुलांना दोन तास शिकवायला त्याला बोलावणे हे वस्तीचे काम आहे. तो स्वतःहून येणार नाही. त्याला लाज वाटते आहे.

घरातल्या बाईबद्दल दोन शब्द. गिरणी बंद झाली तेव्हा अनेक घरांत तिनेच आधी हातपाय हलवले. कोणी मेसचे डबे सुरू केले, कोणी पिको-फॉल, कोणी पोळ्या लाटायला गेली. नवऱ्याची थकबाकी आज येईल उद्या येईल म्हणून तो युनियनच्या कचेरीत बसून असताना चूल तिने पेटती ठेवली. तिला प्रतिष्ठेचा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून तो पडलाच नसेल असे समजू नये. आणि नवरा शेवटी गेटवर उभा राहायला तयार होतो त्या दिवशी त्याला टोमणा मारायचा मोह होतो, तो आवरावा. 'मोठे साचेवाले' हे शब्द एकदा तोंडातून गेले की संध्याकाळी पाय दारूच्या दुकानाकडे वळायला वेळ लागत नाही. अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

मुलांना तर खरे काय ते सांगावे. बाबा गिरणीत काय करीत होते, गिरणी का बंद पडली, आता काय करतात. सूत कसे काढतात हे बापाने एकदा मुलांना बसवून सांगावे. ती विद्या आहे.

आणि आता कागदांचे. लाजेपोटी माणूस नव्या नोकरीत काहीच विचारत नाही. 'तात्पुरते आहे, दोन महिने' म्हणून लागतो आणि दहा वर्षे निघून जातात. पगारपत्रक मागितले नाही, फंडाचा नंबर विचारला नाही. मोठ्या सुरक्षा एजन्सीला आपल्या गार्डचा प्रॉव्हिडंट फंड आणि राज्य विमा भरावाच लागतो. पगारातून कापून घेतात पण खात्यात भरत नाहीत, असेही घडते. म्हणून तीन-चार महिन्यांनी फंडाचे खाते मोबाइलवर किंवा कोण्या शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्यावे. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्याच्या जागेवर काम केले त्या मालकावरही त्याची जबाबदारी येते. हे माहीत असले की आवाजही जरा वेगळा निघतो.

सर्वांत महत्त्वाचे पेन्शनचे. फंडाची पेन्शन योजना नोव्हेंबर १९९५ पासूनची आहे आणि पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. गिरणीत सात वर्षे भरली असतील तर ती वाया जात नाहीत. पैसे काढून न घेता स्कीम सर्टिफिकेट घेतले आणि ते नव्या नोकरीत दिले, तर गेटवरची तीन वर्षे त्या सातांना जोडली जातात. २०१४ मध्ये किमान पेन्शन महिना हजार रुपये ठरली. रक्कम तुटपुंजी आहे, पण माणसामागे त्याच्या पत्नीलाही पेन्शन मिळते. गिरणी सुटताना ज्यांनी सगळे काढून घेतले त्यांची ती वर्षे गेली. ज्यांनी काढले नाही आणि कागद ट्रंकेत तसेच पडले आहेत, त्यांनी ते या रविवारी बाहेर काढावेत. ग्रॅच्युइटीही पाहावी: १९७२ च्या कायद्याने पाच वर्षे सलग काम केलेल्याला वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ठरवून दिला होता, आणि बंद गिरण्यांतल्या कित्येकांनी तो हिशेब कधी तपासूनच पाहिला नाही. अकोल्याला फंडाचे कार्यालय आहे. जाताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक, गिरणीचा पास असेल तर तो, आणि नावाचे स्पेलिंग सगळीकडे सारखे आहे ना हे पाहून जावे. आपल्या लोकांची निम्मी प्रकरणे त्या स्पेलिंगपायीच परत येतात.